सांडशीच्या टिकल्या

चंदिगडात असताना माझ्यामुळे एकदा मेतकुटाच्या डब्याभोवती वाळूची पोती रचली गेली.

आता माझा स्वभाव असा की भाजीवाल्यानं चार टोमॅटोंत दोन सडके घातले, तरी मी ते मुकाट्यानं घरी आणून त्यांची चटणी करते. शिक्षण चौथी पास. (तेही गुरुजींना दया आली म्हणून, असं आत्याबाई म्हणतात.) आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. हे एअर फोर्समध्ये. ह्यांची बदली होऊन आम्ही चंदिगडला आलो आणि क्वार्टर मिळेपर्यंत एका सेक्टरात वरची खोली भाड्यानं घेतली, तेव्हा आत्याबाईही कराडहून आमच्याबरोबर आल्या. सोबत ज्वारीचं पीठ, घोंगडं आणि माझ्याबद्दलची मतं.

ते दिवस पंजाबात वाईट होते. अंधार पडायच्या आत बाजार बंद, बस बंद, माणसं घरात. चौकाचौकात वाळूच्या पोत्यांआड बंदूक घेतलेले जवान. बसमध्ये, दुकानात, थेटरात एकच पाटी: बेवारस पिशवी, डबा, ट्रान्झिस्टर दिसला तर हात लावू नका, पोलिसांना कळवा. मराठी बायकांचं हळदीकुंकू बंद पडलं, भजनं बंद पडली. मराठी बोलायला मला भिंत आणि आत्याबाई एवढंच उरलं, आणि भिंत जास्त ऐकून घ्यायची.

यावर उपाय काढला कुलकर्णीबाईंनी. त्या आमच्याच गल्लीत चार घरं सोडून राहायच्या. यजमान बँकेत साहेब, स्वतः एम. ए. त्यांनी एक दोनशे पानी वही आणली, कापडी पिशवीत घातली आणि ती नऊ मराठी घरांत फिरवायला सुरुवात केली. आज तुमच्याकडं, उद्या माझ्याकडं. वहीत कुणीही काहीही विचारायचं, ज्याला येईल त्यानं उत्तर लिहायचं. पण खरं नाव लिहायचं नाही. टोपणनाव घ्यायचं, आणि कोण कोण आहे ते विचारायचंही नाही. एखादं उत्तर आवडलं तर त्याच्यापुढं कपाळाची एक टिकली चिकटवायची. एका उत्तराला एका घराची एकच टिकली, आणि स्वतःच्या घरच्या उत्तराला लावायची नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी कुलकर्णीबाईंना येऊन सांगावं, त्या लिहून घेतील आणि देवाशपथ कुणाला सांगणार नाहीत.

तरी एक अडचण होतीच. आपल्या घरी वही असताना लिहिलं, की कुठलं अक्षर कुठल्या घरचं ते लगेच कळायचं. म्हणून दर गुरुवारी दुपारी कुलकर्णीबाई ती पिशवी आपल्या फाटकाला अडकवून ठेवत. जिला अगदीच लपून लिहायचं असेल तिनं घरून चिठ्ठी लिहून आणावी आणि पिशवीत टाकून जावं. त्या ती वहीत डकवणार.

अगदीच लपून लिहायचं असलेली बाई म्हणजे मी.

कुणीतरी विचारलं होतं, इथल्या थंडीत दही लागत नाही, काय करावं? मी लिहिलं, 'भांड्याला जुना स्वेटर घाला आणि कणकेच्या डब्यात बसवा. लेकराला जपतो तसं जपा, रात्रीत लागेल.' खाली टोपणनाव काय लिहावं सुचेना. बाकीच्या बायका मोगरा, निशिगंध, चांदणी. मी ओट्याकडं पाहिलं, हातासमोर होती ती वस्तू लिहून टाकली. सांडशी!

पुढच्या फेरीत वही घरी आली. आत्याबाईंना वाचून दाखवली, न्हाणीतनं येऊन पुन्हा उघडली तर माझ्या दह्यापुढं पाच टिकल्या! मी दार लावून घेतलं आणि त्या पुन्हा मोजल्या. पाचच होत्या. आयुष्यात मला शाबासकी मिळाली नव्हती असं नाही, पण ती गुरुजींनी दिली होती आणि तीही पट्टी आणून दिल्याबद्दल.

आत्याबाईंना वाचता येत नव्हतं. त्यामुळं वही आली की मी वाचायची आणि त्या ऐकायच्या. एकदा मी वाचायला लागले, "'माझी सून भाकरी इतकी जाड करते की एक खाल्ली की दोन दिवस भूक लागत नाही. उपाय सांगावा. एक गरीब गाय.'"

"कोण गं असंल बिचारी?" आत्याबाई छताकडं बघत म्हणाल्या.

"असेल कुणीतरी," मी स्टोव्हकडं बघत म्हणाले.

"सून लई वंगाळ दिसती तिची."

"दिसतीय खरी."

सांडशीनं उत्तर दिलं, 'गरीब गाईनं आठ दिवस स्वतः भाकरी थापून दाखवाव्यात. पाहिल्याशिवाय सुनेला यायचं कसं?' मी हे आत्याबाईंना वाचून दाखवलं तेव्हा माझा आवाज थोडा चिरकला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यांनी परात माझ्या हातातून ओढून घेतली!

"सरक. बघ नीट. सांडशीबाई म्हणतीया, बघितल्याबिगर येत न्हाई."

आठ दिवस मी पाटावर बसून पातळ पातळ भाकरी खाल्ली. तिथंच माझं डोकं फिरलं. पुढं गरीब गाईनं विचारलं, सून उलटून बोलत नाही, पण मनात बोलते, काय करावं? सांडशीनं लिहिलं, दर रविवारी तिच्या डोक्याला तेल लावावं, मनातलं खाली उतरतं. रविवार उजाडला की आत्याबाई तेलाची वाटी घेऊन हजर! मी डोळे मिटून बसायची आणि त्या चंपी करता करता मला बोलायच्या, "जरा शिक त्या सांडशीबाईकडनं. अक्कल बघ तिची! न्हाईतर तू."

सांडशी कोण यावर गल्लीत पैजा लागल्या. कुलकर्णीबाईंचं ठाम मत होतं की युनिव्हर्सिटीतल्या कुणी प्रोफेसर असाव्यात. "इतकं सोपं लिहायला फार शिकावं लागतं," त्या मला म्हणाल्या. मी पदराआड मान हलवली. (मान खाली घालून चालायची सवय होती, ती त्या आठवड्यात जरा वर झाली. दोनदा अमलताशाच्या झाडाला धडकले.)

मग गाईचा एक प्रश्न आला तो मला वाचून पुरा करता येईना. 'मुलगा ड्युटीवरनं येईपर्यंत मी फाटकाशी उभी राहते. पाय सुजतात. कुठं काय झालं असेल असं सारखं मनात येतं. सून काही बोलत नाही. तिला काळजी नसेल का?'

आम्ही दोघींनी एकमेकींकडं पाहिलं नाही.

मी चार चिठ्ठ्या लिहिल्या आणि फाडल्या. पाचवी टाकली. 'तिलाही आहे. बोलता येत नाही, एवढंच. दोघींनी फाटकाशी उभं राहण्यापेक्षा शेवया करायला बसा. हातांना काम असलं की वाट बघणं सोपं जातं.' त्या दिवसापासून संध्याकाळी आम्ही सासू-सुना शेवया वळायला बसू लागलो. हे दमून घरी यायचे ते थेट शेवयांवर. दोरीवर शेवया, खाटेवर शेवया, ह्यांच्या युनिफॉर्मच्या हँगरवरसुद्धा शेवया! पण फाटकाशी कुणी उभं राहत नव्हतं, आणि आत्याबाई वळता वळता मला माहेरच्या गोष्टी सांगायला लागल्या होत्या. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पहिल्यांदाच!

म्हणून तर सांडशी कोण हे फुटता कामा नव्हतं. चौथी पास सुनेनं सासूला सहा महिने गुपचूप नाचवलं, हे आत्याबाईंना कळलं असतं तर तेल, शेवया, माहेरच्या गोष्टी सगळं त्याच दिवशी संपलं असतं. सांडशीही गेली असती आणि मीही.

एवढं सगळं समजत असताना मी मेतकुटाच्या भानगडीत पडले!

झालं असं, की सांडशीनं मेतकुटाची कृती लिहिली. त्यावर मोगरा नावाच्या बाईनं खाली लिहिलं, 'सांडशीबाई नुसत्या तोंडाच्या दिसतात. चंदिगडात मेतकूट जमत नाही. जमत असेल तर खायला घालून दाखवा.' माझ्या कृतीपुढं एकही टिकली नाही! पुढच्या फेरीतही नाही. नुसत्या तोंडाची? मी? जिच्या तोंडातून शब्द निघत नाही ती?

मी डाळी भाजल्या, गहू भाजले, सुंठ, हिंग, हळद घालून खलबत्त्यात कुटून मेतकूट केलं. (आत्याबाईंना सांगितलं, दुकानदारानं चुकून जास्त डाळ दिली. त्या म्हणाल्या, "तुला? जास्त?") मेतकूट स्टीलच्या गोल डब्यात भरलं, सोबत टाकायला सांडशीच्या नावानं कृतीची चिठ्ठी पुन्हा लिहिली. झाकण सैल होतं, म्हणून ह्यांच्या हत्यारांच्या पेटीतली तांब्याची तार काढून डब्याला चार वेढे दिले आणि टोकं छान पीळ देऊन वर ठेवली. गुरुवार होता. कुणी ओळखू नये म्हणून आत्याबाईंचं काळं घोंगडं डोक्यावरून नाकापर्यंत घेतलं, डबा पोटाशी धरला आणि भिंतीच्या कडेकडेनं कुलकर्णीबाईंच्या फाटकाशी गेले.

म्हणजे ज्या शहरात प्रत्येक भिंतीवर 'डब्याला हात लावू नका' असं लिहिलंय, तिथं मी तोंड झाकून, तारा गुंडाळलेला डबा एका पिशवीत सोडत होते. आणि मला भीती कसली, तर कुणी मला 'सांडशी' म्हणेल!

समोरच्या घरात बीजी राहायच्या. सत्तरीच्या सरदारीण आजी, उन्हात बाज टाकून दिवसभर मटार सोलायच्या. त्यांनी हाक मारली, "कौन ए भई?"

साधं 'मी आहे बीजी' म्हटलं असतं तर संपलं असतं. पण मी पळाले! तेही आमच्या घराकडं नव्हे, उलट्या दिशेला. मागच्या गल्लीनं वळसा घालून घरी पोचेपर्यंत शिट्ट्या सुरू झाल्या होत्या.

आत्याबाई जिन्यातच भेटल्या. "चल गं लवकर! कुलकर्णीणीच्या फाटकाला बॉम्ब लटकवलाय म्हणं!"

"कु... कुणी?"

"बीजीनं बघितला की! सहा फुटी गडी होता, काळं पांघरलेला."

(माझी उंची चार फूट अकरा इंच.)

गल्लीच्या टोकाशी सगळी माणसं जमली होती. जवानांनी फाटकाभोवती पोती रचली. एक कुत्रा आणला. जाडजूड पगडीवाले थानेदार लांब काठीला आकडा बांधत होते. 'मेतकूट आहे' हे दोन शब्द माझ्या घशापर्यंत येत आणि परत जात. तेवढ्यात थानेदारांनी आकडा लावला, दोरी ओढली, पिशवी धप्पकन खाली पडली, तार सुटली, झाकण उडालं आणि पिवळा धूर उठला!

सगळी गल्ली पालथी पडली. मीसुद्धा पडले. मला माहीत होतं आत काय आहे, तरी पडले!

पहिल्यांदा शुद्धीवर आला तो कुत्रा. त्यानं पाच शिंका दिल्या. मग थानेदार पुढं झाले, वाकून वास घेतला आणि म्हणाले, "हींग?"

त्यांना माझी चिठ्ठी सापडली. देवनागरी अक्षर ते वाचू शकत होते, मराठी कळत नव्हती. हळूहळू मोठ्यानं वाचायला लागले. "'आधी नीट भाजून घ्यावे... बारीक पूड करावी... एक चिमूट पुरे... सगळ्या घरात...'" ते थांबले. "यह सब घर में क्या होगा?" मग वही उघडली. पानोपानी लाल, हिरवे, काळे ठिपके. खाली मोगरा, चांदणी, गरीब गाय, सांडशी. कपाळाला आठ्या पडल्या. कुलकर्णीबाईंना पुढं बोलावलं गेलं.

"मैडम, यह सांडशी कौन है?"

"नाम बताने का नियम नहीं है," कुलकर्णीबाई ताठ उभ्या राहून म्हणाल्या.

"पुलिस को भी नहीं?"

"मुझे खुद पता नहीं, साहब! वही तो नियम है."

"और ये निशान?"

"जवाब अच्छा लगे तो टिकली लगाते हैं. एक घर की एक. अपने घर के जवाब को नहीं."

थानेदारांनी पान उलटलं आणि बोट ठेवून मोजलं. "घर कितने हैं?"

"नऊ. नौ."

"तो एक जवाब को ज़्यादा से ज़्यादा आठ. यहाँ सोलह कैसे?"

कुलकर्णीबाईंचा चेहरा उतरला. बॉम्बला त्या इतक्या घाबरल्या नव्हत्या. "सोळा? अहो, हे कसं शक्य आहे!" माझ्या शेजारी आत्याबाई एकाएकी आकाशातली घार बघायला लागल्या.

"माफ़ कीजिए," थानेदार म्हणाले, "या तो सांडशी आएगी, या आप और यह किताब थाने चलेंगी."

कुलकर्णीबाईंनी निमूटपणे चपला घातल्या. त्यांचा काय दोष? नियम पाळला एवढाच. मी तोंड उघडलं.

"मैं है."

कुणी ऐकलं नाही. माझं मीच ऐकलं नाही.

"साब! मैं है सांडशी!"

सगळी गल्ली वळली. सहा महिने जिवापाड जपलेलं गुपित मी चौकात टाकलं आणि डोळे गच्च मिटून घेतले. आता आत्याबाई काय म्हणतात!

आत्याबाई म्हणाल्या, "साहेब, इसका मत सुनो! ये चौथी पास है!"

मी डोळे उघडले.

"सांडशी बडी परफेसर है. ये तो टमाटर भी सडके लाती है!"

"अहो, राहू द्या," कुलकर्णीबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "किती भोळ्या हो तुम्ही! माझ्यासाठी स्वतःवर आळ घेताय?"

"छे फुट का आदमी था जी," बीजींनी पलीकडून सांगितलं. "यह बेचारी तो कुड़ी है."

थानेदारांनी माझ्या हातात पेन दिलं. "लिखो कुछ." मी लिहिलं. हात असा कापत होता की अक्षरं मुंग्यांसारखी चालत कागदाबाहेर गेली. त्यांनी चिठ्ठीशी ताडून पाहिलं आणि मान हलवली. नाही जुळत! चिठ्ठी माझी, डबा माझा, तार माझ्या नवऱ्याची, आणि मी कोण हे सिद्ध करायला माझ्याजवळ काहीही नव्हतं.

थानेदार वाळूच्या पोत्यावर बसले. दमलेले दिसत होते. पगडी सारखी करत जरा हसले. "अच्छा बीबी. तू सांडशी है तो मेरे सवाल का जवाब दे. गाँव में मेरी माँ है. जब तक मैं घर न पहुँचूँ, दरवाज़े पर बैठी रहती है, रोटी नहीं खाती. और मेरा कोई ठिकाना नहीं, कब पहुँचूँ, पहुँचूँ कि नहीं. क्या करूँ?"

मी सगळं विसरले. माणसंही.

"आपका माँ पहले क्या बनाती थी? हाथ से?"

"दरी बुनती थी. बहुत बढ़िया."

"तो उसको बोलो, मेरे को दरी चाहिए. चौकी पे बिछाने को. राह तो वो देखेगीच. लेकिन हाथ खाली नहीं रखने का. हाथ में काम है तो रोटी भी उतरती है."

त्यांनी दोन्ही हात पसरून माप धरलं. "कितनी लंबी बताऊँ?"

"एक पुरी हुई की दुसरी बोलने का."

"फिर तो पूरे थाने की हो जाएँगी," ते म्हणाले आणि मोठ्यानं हसले. डोळे मात्र पुसले.

आत्याबाईंनी माझं मनगट धरलं होतं. ते सुटलं.

"शेवया," त्या हळूच म्हणाल्या. "व्हय गं? तूच?"

थानेदारांनी वही परत दिली. कागदावर काय लिहिलं ते मी पाहिलं: पिवळी पावडर, खायची. पुन्हा डब्याला तार बांधायची नाही अशी ताकीद दिली आणि उरलेलं मेतकूट तपासासाठी डब्यासकट घेऊन गेले. (तपास भातावर झाला असावा. आठ दिवसांनी एक जवान येऊन विचारून गेला, साहेब विचारतात, अजून आहे का?)

घरी आल्यावर आत्याबाई पाटावर बसल्या. मी ओट्याला चिकटून उभी. खरा बॉम्ब आता फुटणार होता.

"आठ दिवस मला भाकरी थापाय लावल्यास."

"हो."

"तेल लावून घेतलंस."

"हो."

"गरीब गाय कोण ते तुला पैल्यापासनं ठावं व्हतं?"

"...हो."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. खांदे हलायला लागले, मग पाट हलायला लागला. त्या हसत होत्या! इतक्या हसल्या की खालच्या मालकीणबाई वर बघायला आल्या.

मग डोळे पुसून म्हणाल्या, "त्या सोळा टिकल्या माझ्या. तुझ्याच पाकिटातल्या. वही आली की तुला विचारायची ना, सांडशीचं कुठलं, बोट ठेव? तू न्हाणीत गेलीस की लावायची. तुझं मामंजी गेल्यापासनं अकरा वर्सं टिकलीच्या पाकिटाला हात लावला न्हवता गं. एक लावली, की दुसरी लावावी वाटायची."

मी त्यांच्या पाटाला पाट लावून बसले.

पण आत्याबाई म्हणजे आत्याबाई. दुसऱ्या दिवशी वही आमच्याकडं आली तेव्हा त्यांनी बोटाला तेल लावलं आणि एकेक पान काढायला सांगितलं. "घरातल्या घरात चालत न्हाई. नेम म्हंजे नेम." आपली लावलेली प्रत्येक टिकली त्यांना आठवत होती. सांडशीच्या त्रेचाळीस टिकल्या होत्या. त्या नखानं काढत गेल्या आणि मी बघत राहिले. दह्याच्या पाचांतल्यासुद्धा तीन गेल्या!

उरल्या सात.

"हं," आत्याबाई समाधानानं म्हणाल्या, "आता ह्या खऱ्या. परक्या बायांनी मनापास्नं लावलेल्या. सात म्हंजे कमी न्हाईत, चौथी पासाच्या मानानं."

मी नम्रपणे मान खाली घातली. सातातल्या चार मी स्वतः लावलेल्या होत्या.

त्यातली मेतकुटाच्या कृतीपुढची मोठी हिरवी टिकली कुलकर्णीबाईंना फार आवडली. त्या अजूनही विचारतात, एवढी हौसेनं कुणी लावली असेल हो? मी त्यांना सांगते, वहीचा नियम आहे बाई, नाव विचारायचं नाही!